काठीनं ढकललेला पंखा

परवा रात्री मित्राशी फोनवर बोलून झालं, मी चष्मा पुसत बसलो होतो, आणि आतून बायकोनं विचारलं, "भाऊजी कसे आहेत?" मी म्हटलं, "बराय." ती दारात येऊन उभी राहिली. "बराय म्हणजे? काय म्हणाले?" मोबाइलवर आकडा अजून दिसत होता, २२ मिनिटं. तेवढ्या वेळात आम्ही काय बोललो ते आठवून पाहिलं आणि खरं ते सांगून टाकलं. पंख्याबद्दल बोललो. त्याच्या झोपायच्या खोलीतला पंखा बटण दाबलं की नुसता हूंऽ करतो, फिरत नाही. काठीनं पात्याला जरा ढकललं की मग सुरू होतो. मी म्हटलं, कपॅसिटर गेलाय. तो म्हणाला, मलाही तेच वाटतंय. मग अडीचचा घालायचा की तीन पॉइंट पंधराचा, बेअरिंग तर नसेल ना गेलं, जुने पंखे कसे वजनदार असायचे, असं करत करत बावीस मिनिटं. त्याची बायको जाऊन चार महिने झालेत. "आणि तू त्यांना विचारलंच नाहीस?" "काय?" "काही नाही," म्हणाली आणि आत गेली.

त्या 'काही नाही'नं माझी झोप घालवली. पडल्या पडल्या सगळं बोलणं पुन्हा आठवत गेलो. मध्येच कुठेतरी तो म्हणाला होता, "अरे, रोज रात्री तीनच्या सुमाराला लाईट जाते. पाच मिनिटंच. आली की बाकीचं सगळं सुरू होतं, हा तेवढा अडून बसतो. मग उठायचं, काठी घ्यायची." त्यावर मी लगेच विचारलं होतं, "व्होल्टेज कमी येत असेल का रे?" आता अंधारात ते वाक्य नीट ऐकू आलं. रोज रात्री. तीनला. पाच मिनिटं. झोपलेल्या माणसाला लाईट किती वाजता गेली आणि किती वेळानं आली हे कुठून कळणार?

तो जागा असतो. त्यानं मला ते सांगितलं होतं, आणि मी त्याला व्होल्टेजचं विचारलं.

आमची मैत्री पस्तीस वर्षांची. त्याच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज मला माहीत आहे, घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता कधी गेला ते माहीत आहे, बीपीची गोळी तो सकाळी घेतो की रात्री तेही. तो एकटा असताना रडतो का, हे मला माहीत नाही. त्याची बायको आजारी होती तेव्हा मी कमी पडलो असं कुणी म्हणणार नाही. रिपोर्ट आणणं, फॉर्म भरणं, गाडी दारात लावणं, रात्री बाकावर बसणं, सगळं केलं. शेवटच्या दिवशीही फोन करायचे होते, सह्या घ्यायच्या होत्या, माणसं न्यायची-आणायची होती. त्या दोन दिवसांत आम्ही एकमेकांशी जेवढं बोललो तेवढं नंतरच्या चार महिन्यांत बोललो नसू, आणि त्यातलं एकही वाक्य दुःखाबद्दल नव्हतं. मग कामं संपली. हातात काही उरलं नाही तेव्हा मला त्याच्याकडे जाण्याचीच भीती वाटायला लागली. समोरासमोर दोन खुर्च्यांवर बसून काय करायचं? हा प्रश्न एखाद्या बाईला पडत नसावा, असं मला नेहमी वाटत आलंय. बायकोला विचारलं तर ती म्हणते, पडतो, पण आम्ही तो पडलेला असतानाच जातो.

आकडे चक्रावून टाकणारे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे नैराश्य बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण दीडपट आढळतं. जगात वर्षाला ७ लाखांहून जास्त लोक आत्महत्या करतात, आणि तिथे मात्र पुरुषांचं प्रमाण बायकांच्या दुपटीहून थोडं अधिक. म्हणजे आजाराच्या नोंदवहीत आम्ही कमी आणि शेवटच्या पानावर जास्त. मधली पानं कुठं गेली? त्यातली बरीचशी चिडचिडीत गेली असणार, दारूत गेली असणार, 'पाठ दुखतेय'मध्ये आणि रात्री उशिरापर्यंत ऑफिसात बसण्यात गेली असणार. पुरुषाचं नैराश्य पुष्कळदा रागासारखं दिसतं, म्हणून घरचे त्याला डॉक्टरकडे नेण्याऐवजी त्याच्यापासून चार हात लांब राहतात. अमेरिकेत २०२१ साली एक पाहणी झाली होती. एकही जवळचा मित्र नाही असं सांगणारे पुरुष १९९० साली ३ टक्के होते, ते तोपर्यंत १५ टक्के झाले होते. मला कुणी विचारलं असतं तर मी 'एक मित्र आहे' असं छातीठोक सांगितलं असतं. त्याच्याशी बोलणं काय असतं, हे मला कुणी विचारलं नाही म्हणून बरं.

अण्णा आठवले. माझे वडील कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले त्या पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. दुसऱ्या आठवड्यात विळ्या-सुऱ्यांना धार लावली. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एका धडधाकट स्टुलाचे पाय काढून परत बसवले. मग मोडलेलं काही उरलंच नाही. आम्ही सगळे प्रेमानंच म्हणायचो, "अण्णा, आयुष्यभर राबलात, आता बसा की आरामात." अण्णा बसले. हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन देव जाणे. आज कुणी मला म्हटलं तर मी काय करीन, याचा विचार तेव्हा शिवला नाही. त्यांच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती. तीत पाने, पक्कड, गिरमिट, छोटा रंधा, दोन पटाश्या, आणि एका जुन्या डब्यात हरतऱ्हेचे स्क्रू. एका दुपारी मी लवकर घरी आलो तर अण्णा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून स्क्रू निवडत बसले होते. अर्धा इंचाचे इकडे, पाऊण इंचाचे तिकडे, पितळी वेगळे, गंजलेले वेगळे. तासभर चाललं होतं. सहा-सात नीट ढीग झाले. ते ढीग त्यांनी थोडा वेळ नुसते पाहिले. मग दोन्ही हातांनी सगळे एकत्र केले, डब्यात भरले, डबा हलवला, आणि परत कागदावर ओतला.

मी ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं घरात विनोद म्हणून सांगत होतो. सगळे हसायचे. एकदा अण्णांसमोरच सांगितली, तेही हसले.

त्यांच्या पश्चात केव्हातरी टोंगालाबद्दल वाचलं आणि तो विनोद सांगायचा बंद झाला. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातलं हे छोटं गाव. तिथे २६ जुलै १९९८ रोजी डिक मॅकगोवन या माणसाच्या खटपटीतून एक शेड सुरू झाली, 'मेन्स शेड' असं नाव लावलेली पहिली. त्याआधी १९९३ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गूलवा इथं अशीच एक शेड निघाली होती, नुसती 'द शेड' म्हणून. कल्पना अगदी साधी. त्या देशात घरामागच्या अंगणात पत्र्याची एक शेड असायची, बापाची. तिथे त्याची हत्यारं, अर्धवट कामं, तुटका रेडिओ. म्हातारपणी माणसं लहान घरात राहायला जातात तेव्हा पहिली जाते ती शेड. तर गावानं मिळून एकच शेड उभी करायची. लेथ, करवती, लांबलचक बाक, कोपऱ्यात चहाची किटली. ज्याला यायचं त्यानं यावं. मशीनला हात लावण्याआधी ते कसं चालवायचं हे दाखवून घ्यावं, आणि मग मुलांची खेळणी करा, सायकली दुरुस्त करा, शाळेचे बाक नीट करा, नाहीतर नुसता चहा प्या. आज ऑस्ट्रेलियात अशा हजारावर शेड आहेत. २००७ साली त्यांची देशव्यापी संघटना झाली, २०१० साली तिथल्या सरकारनं पुरुषांच्या आरोग्याचं धोरण आखलं त्यात या शेडना जागा मिळाली. आयर्लंडमध्ये २०११ साली आणि ब्रिटनमध्ये २०१३ साली तशाच संघटना निघाल्या.

मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बसायची रीत. त्यांचं एक ब्रीद आहे, पुरुष समोरासमोर बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून बोलतात. बाकापाशी दोघं शेजारी उभे, दोघांचे डोळे लाकडावर. रंधा सरकतोय, लाकडाची पातळ सालपटं वळून खाली पडतायत, तोंडात खिळा धरलाय म्हणून पटकन उत्तर देता येत नाही, आणि उत्तराला लागलेला वेळ कुणाला खटकत नाही. खुर्चीवर समोर बसलेला माणूस दहा सेकंद गप्प राहिला तर आपण घाबरतो. पटाशीला धार लावणारा दहा मिनिटं गप्प राहिला तरी तो कामात आहे. त्या गप्प बसण्याला तिथे आडोसा मिळतो. आणि शेडच्या दारावर 'मानसिक आरोग्य' अशी पाटी सहसा नसते. ती असती तर अण्णा त्या रस्त्यानंसुद्धा गेले नसते. "मला काय झालंय?" म्हणाले असते. पण "अण्णा, एक ड्रिल मशीन बिघडलंय, जरा बघता का?" म्हटलं असतं तर चपला घालून आमच्याआधी निघाले असते. आत गेल्यावर मग हळूच बाकीचं येतं. ऑस्ट्रेलियातल्या शेडवाल्यांनी आरोग्य तपासणीचा एक कार्यक्रम काढलाय, त्याचं नावच पान्यावरून घेतलंय आणि बोलणं सगळं गाडीच्या सर्व्हिसिंगच्या भाषेत. आयर्लंडमध्ये दहा आठवड्यांचा आरोग्याचा कार्यक्रम थेट शेडमध्येच नेला. माणसाला दवाखान्यात बोलावण्यापेक्षा तो जिथे आधीच रमलाय तिथे जाणं सोपं, इतकं साधं गणित.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला उत्साहानं ऐकवलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे 'कसा आहेस' एवढं विचारायला तुम्हाला पत्र्याची शेड आणि लेथ मशीन लागतं." मला राग आला. राग आला कारण उत्तर नव्हतं. वर मला तिला हेही सांगावं लागलं की गूलवाची ती पहिली शेड ज्या व्यक्तीनं सुरू केली ती बाईच होती, मॅक्सीन किटो नावाची. ज्येष्ठांच्या एका क्लबचं काम ती बघायची आणि तिथे बायकांना करायला पुष्कळ आहे, पुरुषांना काहीच नाही, हे तिला दिसलं. बायको हसली. "बघ, तुमचा एकटेपणासुद्धा आम्हीच ओळखायचा." यातही तथ्य आहे, आणि ते मला गोड मानून घेता येत नाही. घराघरात नवऱ्याच्या नात्यागोत्याचे, मित्रांचे धागे बायकोच धरून असते. वाढदिवस तिला माहीत, कुणाकडे कोण आजारी ते तिला माहीत. ती गेली की माणूस एकटा होतो तो दुहेरी. माझ्या मित्राचं तेच झालंय. आमच्या दोन घरांमधलं खरं दळणवळण त्या दोघी चालवत होत्या. आम्ही नुसते पंखे चालवत होतो.

शेडबद्दलही मला सगळंच पटतं असं नाही. हत्याराची आवड नसलेला पुरुष काय कमी एकटा असतो? काहींनी संगणकाचा, बागेचा, स्वयंपाकाचा कोपरा केलाय म्हणा, पण पाटी लेथचीच. चार जुने मेंबर जमले की पाचव्याला दारातूनच परकं वाटावं, हे कुठल्याही मंडळासारखं तिथेही होत असणार. शिवाय शेडमुळे बरं वाटलं असं जे सांगतात ते शेडमध्ये येणारेच असतात. जो घराबाहेरच पडत नाही त्याला कोण विचारायला गेलंय? अभ्यास बरेचसे असेच आहेत, येणाऱ्यांनी स्वतःबद्दल सांगितलेल्यावर बेतलेले. आणि एक गोष्ट तर स्पष्टच, नैराश्य हा आजार आहे, त्याला डॉक्टर लागतो, पुष्कळदा औषध लागतं. जगावंसं वाटत नाही असं म्हणणाऱ्याच्या हातात रंधा देऊन चालत नाही, त्याला धरून डॉक्टरकडे न्यायचं असतं. पण ते तो म्हणाला तर. तो म्हणेपर्यंतचा जो लांब पट्टा आहे, पंख्याचा, पाण्याच्या मोटारीचा, गाडीच्या आवाजाचा, तो कुणाबरोबर तरी चालायला लागतो. त्या रात्री मी कामाच्या वस्तूंबद्दल बोललो यात माझी चूक झाली असं आता मला वाटत नाही. तो वस्तूतूनच बोलत होता आणि मी नुसती वस्तूच ऐकली, ही चूक.

रविवारी कपॅसिटर घेऊन त्याच्याकडे गेलो. अडीचचाच. जुना बघून घ्यायला हवा होता, पण तेवढा धीर नव्हता. आधी फोन केला नाही. केला असता तर "कशाला येतोस, मिस्त्री येईल" म्हणाला असता आणि मिस्त्री आला नसता. घर स्वच्छ होतं, जरा जास्तच. खोलीत पलंगाच्या एका बाजूची चादर ताठ होती, इस्त्री केल्यासारखी. भिंतीला काठी टेकवून ठेवलेली. टोकाला त्यानं फडकं बांधलं होतं, पात्याला ओरखडा पडू नये म्हणून. मी तिच्याकडे बघतोय हे त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "पहिल्या दिवशी रंग उडाला." वर चढायला मी तयार होतो, पण ऐन वेळी म्हटलं, "माझा गुडघा काही नीट नाही रे, तूच चढ." गुडघा ठीक आहे. मेन बंद केला, तो स्टुलावर चढला, मी एका हातानं स्टूल धरलं आणि दुसऱ्या हातानं टॉर्च. त्यानं स्क्रू ढिला करून वरची वाटी खाली सरकवली. वर्षांची धूळ आमच्या दोघांच्या डोक्यावर आली. दोन वायरी कुठे जोडल्यात ते तो बघत होता, मान वर, दोन्ही हात वर, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्याची फक्त पायजम्याची गुडघे निघालेली कड.

"टॉर्च जरा डावीकडे," तो म्हणाला. मी डावीकडे केला. पाठोपाठ तो तसाच वर बघत म्हणाला, "मध्यरात्रीनंतर तिला थंडी वाजायची. ती उठून पंखा एकवर करायची. मला कधी कळायचंसुद्धा नाही." मी टॉर्च धरून राहिलो. काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. वायर सोलायचा बारीक आवाज येत होता. "आता तीन वाजले की जाग येते," तो म्हणाला, "थंडी वाजते म्हणून." मी विचारलं, "मग उठून काय करतोस?" त्याला उत्तर द्यायला वेळ लागला. दातात चिकटपट्टी धरली होती, तिचा तुकडा तोडला, वायरीला गुंडाळला. "काही नाही. बसतो. एखाद दिवशी तुला फोन करावासा वाटतो, पण तीनला कुठे करायचा." मी म्हटलं, "कर." तो म्हणाला, "हं." मग म्हणाला, "स्क्रू दे."

मेन चालू केला. बटण दाबल्यावर पंखा काठीशिवाय फिरला, आधी संथ, मग एकदम भन्नाट, आणि पात्यांवरची उरलीसुरली धूळ त्या ताठ चादरीवर पसरली. तो पटकन पुढे झाला, चादर झटकायला, आणि मध्येच थांबला. रेग्युलेटरपाशी गेला आणि पंखा एकवर आणला. आम्ही दोघं खाली उभे राहून वर बघत होतो. फार वेळ बघण्यासारखं पंख्यात काही नसतं, तरी बघत होतो.

"तुझं हे स्टूल डगमगतंय," मी म्हटलं.

त्यानं स्टुलावर हात ठेवून हलवून पाहिलं. एक पाय खरंच ढिला होता. "पाचर मारावी लागेल."

"पुढच्या रविवारी येतो. अण्णांची पेटी आणतो."

"अरे, दहा मिनिटांचं काम आहे."

"नाही," मी म्हटलं, "चारही पाय काढून परत बसवू. दिवस जाईल."

"दिवस?"

"दिवस."

तो स्टुलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "रंधा पण आण. वरची फळीही जरा खडबडीत झालीय."